नवा ड्रायव्हर आणि क्वेऱ्यांमधले नल : कामाच्या नोंदी

काम असं आहे. उपकरणांची नोंदवही सांभाळणारं एक ॲप आहे: कोणतं उपकरण कोणत्या विभागाकडे आहे, कधी दिलं, कधी परत आलं, दुरुस्तीत काय निघालं. मागे पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस, पुढे पायथन. डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर सायकोपीजी २ आहे, तो बदलून सायकोपीजी ३ बसवायचा आहे. क्वेऱ्या (डेटाबेसला पाठवायची एसक्यूएल वाक्यं) सगळ्या पॅरामीटर (मूल्यासाठी सोडलेली जागा) लावूनच लिहिलेल्या आहेत, मजकुरात मूल्य चिकटवलेलं कुठेच नाही. त्यामुळे सुरुवातीला वाटलं की इम्पोर्टच्या ओळी बदलल्या की बरंचसं झालं. खरं काम निघालं ते नलचं, म्हणजे 'इथे मूल्य नाही' या डेटाबेसमधल्या खुणेचं.

हाच बदल करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतो आहे. क्वेऱ्या सर्व्हरपर्यंत जशा पोचतात तशा, म्हणजे $१, $२ घालून, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत.

३ मार्च

ड्रायव्हर बदलला, टेस्ट चालवल्या. पहिला दणका या ओळीने दिला:

व्हेअर विभाग_क्र इज $१

एरर: सिंटॅक्स एरर ॲट ऑर निअर $१.

ही क्वेरी इतकी वर्षं बिनतक्रार चालत होती. जुना ड्रायव्हर मूल्यं स्वतःच नीट एस्केप करून क्वेरीच्या मजकुरात बसवायचा आणि तयार वाक्य सर्व्हरला पाठवायचा. पायथनचा नन (त्याच्याकडचं 'मूल्य नाही') दिला की मजकुरात नल हा शब्दच जायचा, वाक्य 'विभाग_क्र इज नल' असं व्हायचं आणि सर्व्हरला त्यात काही वावगं दिसायचं नाही. नवा ड्रायव्हर मजकूर वेगळा पाठवतो आणि मूल्यं वेगळी. सर्व्हर आधी मजकूर वाचतो, तेव्हा $१ मध्ये काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. 'इज'च्या पुढे नल, ट्रू, फॉल्स, अननोन, डिस्टिंक्ट फ्रॉम असे ठरलेलेच शब्द चालतात. तिथे पॅरामीटर बसत नाही, बसणारही नाही.

सायकोपीजी ३ मध्ये क्लायंटकर्सर नावाची सोय आहे. ती वापरली तर जुन्यासारखंच मजकुरात मूल्य बसवून मिळतं आणि आजचे सगळे एरर एका झटक्यात गायब होतात. टीममध्ये यावर बराच खल झाला. शेवटी नको ठरलं. तसं केलं तर नवा ड्रायव्हर फक्त नावापुरता राहील, आणि ज्या क्वेऱ्या आज ओरडून सांगताहेत की माझ्यात नलचा विचार झालेला नाही, त्या पुन्हा गप्प होतील. मला त्या ओरडायला हव्या आहेत.

४ मार्च

'इज'पुढे पॅरामीटर असलेल्या क्वेऱ्या शोधून काढायच्या होत्या. साध्या शोधात अर्ध्याच सापडल्या. काही ठिकाणी वाक्य दोन ओळींवर तुटलेलं होतं, काही ठिकाणी तुकडे जोडून क्वेरी बनत होती. त्यात सकाळ गेली.

मग वेगळी वाट धरली, ती मात्र फार कामाची ठरली. सगळ्या क्वेऱ्या गोळा करून, प्लेसहोल्डरच्या, म्हणजे कोडमधल्या पॅरामीटरच्या खुणांच्या, जागी $१, $२ घालून, टेस्ट डेटाबेसवर प्रत्येकीवर फक्त 'प्रिपेअर' चालवायचं. क्वेरी चालत नाही, डेटाला हात लागत नाही, पण सर्व्हर मजकूर पूर्ण वाचतो, टेबलं-कॉलम पडताळतो आणि प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार ठरवायचा प्रयत्न करतो. पॅरामीटरचे प्रकार आपण मुद्दाम सांगायचे नाहीत. नन पाठवला की नवा ड्रायव्हर सर्व्हरला प्रकार सांगत नाही. म्हणजे प्रकार न सांगता केलेलं प्रिपेअर हे 'सगळे पॅरामीटर नन आले तर काय होईल' याचंच उत्तर देतं.

स्क्रिप्ट छोटीशी आहे आणि काही सेकंदांत सगळी यादी देते. हे आधी करायला हवं होतं. तुम्ही हे काम हाती घेत असाल तर पहिल्या दिवशी हेच करा.

एक मर्यादा लक्षात ठेवायची: ही चाळणी फक्त ओरडणाऱ्या क्वेऱ्या पकडते. ज्या क्वेऱ्या व्यवस्थित चालून चुकीचं उत्तर देतात त्या हिच्यातून सरळ खाली जातात. त्याचा अनुभव दुसऱ्याच दिवशी आला.

५ मार्च

कालच्या यादीतल्या काही क्वेऱ्यांत 'इज'च्या जागी '=' घालून झालं होतं. एरर गेला, प्रिपेअर पास, बहुतेक टेस्ट पास. 'विभाग न दिलेली उपकरणं' हे पान मात्र रिकामं. डेटा जागेवर होता, पान रिकामं होतं.

विभाग_क्र = $१ यात $१ नल असेल तर तुलनेचं उत्तर 'हो'ही नसतं आणि 'नाही'ही नसतं, ते 'माहीत नाही' असतं. कॉलममध्येही नल असला तरी तेच. व्हेअर फक्त 'हो' उत्तर आलेल्या ओळी पुढे सोडतो. म्हणून ज्या ओळी शोधायला निघालो, नेमक्या त्याच गळतात. ना एरर, ना वॉर्निंग. शून्य ओळी हे एसक्यूएलच्या दृष्टीने पूर्ण वैध उत्तर आहे, त्यामुळे लॉगमध्येही काही उमटत नाही.

त्या जागी आता हे घातलं:

व्हेअर विभाग_क्र इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम $१

दोन्ही बाजू नल असतील तर 'हो', एकच बाजू नल असेल तर 'नाही', बाकी नेहमीची तुलना. उत्तर कधीच 'माहीत नाही' येत नाही. 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणात आलं, 'नॉट' घातलेलं हे रूप २००३ च्या. इतर डेटाबेसवाल्यांसाठी: मायएसक्यूएलमध्ये याच कामाला <=> हे चिन्ह आहे, एसक्यूलाइटमध्ये साधं 'इज' दोन्हीकडे कोणतंही मूल्य घेतं (म्हणजे आमची जुनी ओळ तिथे जशीच्या तशी चालली असती), एसक्यूएल सर्व्हरमध्ये इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम २०२२ च्या आवृत्तीपासून आहे.

६ मार्च

कालचा उपाय छोट्या टेबलांवर छान चालला. दुरुस्तीच्या नोंदींचं टेबल मोठं आहे, तिथे पान उघडायला डोळ्यांना जाणवेल इतका वेळ लागायला लागला.

एक्स्प्लेन करून, म्हणजे सर्व्हर क्वेरी कशी चालवणार तो प्लॅन मागून, पाहिलं. विभाग_क्र वर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) आहे, पण प्लॅनमध्ये सीक्वेन्शियल स्कॅन. पोस्टग्रेस '=' साठी इंडेक्स वापरतो, 'इज नल'साठीही वापरतो. पण आमच्या आवृत्तीत 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम'साठी वापरत नाही. अर्थ तोच असला तरी प्लॅनरला ते वेगळं गणित वाटतं आणि तो अख्खं टेबल वाचत बसतो.

मोठ्या टेबलांसाठी म्हणून दोन मजकूर ठेवले. मूल्य नन असेल तर 'विभाग_क्र इज नल' आणि पॅरामीटरच नाही. मूल्य असेल तर 'विभाग_क्र = $१'. कोणता मजकूर घ्यायचा ते पायथनमध्ये ठरतं. यावर एकाने विचारलं की मग आपण पुन्हा क्वेरीचा मजकूर जोडायला लागलो का, इंजेक्शनचा (वापरणाऱ्याच्या मजकुरातून क्वेरीत परकी आज्ञा शिरण्याचा) धोका परत आला का. नाही. दोन्ही तुकडे आपल्या कोडमध्ये आधीच लिहिलेले आहेत, वापरणाऱ्याने टंकलेलं एक अक्षरही मजकुरात जात नाही. मूल्य अजूनही पॅरामीटरमधूनच जातं.

मायएसक्यूएलमध्ये <=> इंडेक्स वापरू शकतं, त्यामुळे तिथे ही कसरत करावी लागत नाही. प्रत्येकाने आपल्या डेटाबेसवर एक्स्प्लेन करूनच ठरवावं.

१० मार्च

शोधाचं पान. सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला आणि सगळ्यात जास्त शिकवलंही यानेच.

पानावर आठ गाळण्या आहेत, सगळ्या ऐच्छिक. जुनी क्वेरी सगळीकडे दिसते त्याच पद्धतीची:

व्हेअर ($१ इज नल ऑर दिलेली_तारीख >= $१) अँड ($२ इज नल ऑर विभाग_क्र = $२) अँड …

गाळणी लावली नाही तर नन पाठवायचा, पहिला भाग 'हो' होतो आणि ती अट निकामी होते. नव्या ड्रायव्हरवर आमच्या टेस्ट पास झाल्या, कारण टेस्टमध्ये फक्त तारीख आणि विभाग या दोन अटींचा तुकडा, दोन्ही मूल्यं देऊन तपासला होता. पान प्रत्यक्ष उघडलं, म्हणजे एकही गाळणी नसताना, तेव्हा एरर:

कुड नॉट डिटरमिन डेटा टाइप ऑफ पॅरामीटर $१

तारीख किंवा आकडा पाठवला की ड्रायव्हर मूल्याबरोबर त्याचा प्रकारही सांगतो. नन पाठवला की प्रकार सांगायला काही उरतच नाही, सर्व्हरला तो संदर्भावरून ओळखावा लागतो. '$१ इज नल' या तुकड्यात संदर्भ कुठला? तारीख, आकडा, अक्षरं, काहीही असू शकतं. मजकुराच्या गाळण्यांवर तर मूल्य असतानाही हाच एरर येत होता, कारण साधी स्ट्रिंगसुद्धा ड्रायव्हर प्रकार न सांगताच पाठवतो.

इथे एक चकवा आहे. अटीचे दोन भाग उलटे लिहिले, म्हणजे 'दिलेली_तारीख >= $१ ऑर $१ इज नल' असं, तर एरर जातो. सर्व्हर डावीकडून वाचत येतो, पहिल्या तुकड्यात $१ ची तुलना तारखेच्या कॉलमशी दिसते, प्रकार ठरतो, आणि दुसऱ्या तुकड्यापर्यंत तो माहीत झालेला असतो. हे चालतं, पण कोडमध्ये ठेवलं नाही. पुढे कोणीतरी वाचायला सोपं म्हणून दोन भाग पुन्हा उलटे करील आणि पान पडेल. जे लिहायचं ते स्पष्ट लिहायचं, कास्टने प्रकार सांगून:

कास्ट($१ ॲज डेट) इज नल ऑर दिलेली_तारीख >= $१

आणखी एक बारकावा. प्लेसहोल्डरला नाव दिलं असेल तर तेच नाव दोनदा आलं तरी सर्व्हरला एकच $१ दिसतो. नाव न देता क्रमाने लिहिले असतील तर प्रत्येक जागेला वेगळा नंबर मिळतो, मग $१ इज नल मधला $१ पूर्ण एकटा पडतो आणि भाग उलटे करूनही काही होत नाही. कास्ट दोन्हीकडे चालतं.

११ मार्च

कास्ट घालून शोधाचं पान चालू झालं. दुपारी तक्रार आली की शोध सुरुवातीला वेगात असतो आणि थोड्या वेळाने मंद होतो. ॲप पुन्हा सुरू केलं की परत वेगात.

एकच क्वेरी एका कनेक्शनवर पाचदा चालली की सायकोपीजी ३ ती सर्व्हरवर आपोआप प्रिपेअर करून ठेवतो. पुढे सर्व्हरही पहिल्या पाच वेळा प्रत्यक्ष मूल्यं बघून खास प्लॅन बनवतो, नंतर मूल्यं न बघता एक सर्वसाधारण प्लॅन तोलून पाहतो, आणि तो सरासरीपेक्षा फार महाग वाटला नाही तर तोच धरून ठेवतो. आमच्याकडे सकाळचे पहिले शोध बहुतेक गाळणी नसलेले, म्हणजे अख्खं टेबल वाचणारे असतात. सरासरी खर्च तिथेच चढतो. त्यापुढे सर्वसाधारण प्लॅन स्वस्त दिसतो आणि निवडला जातो. नंतर कोणी एकाच उपकरणाचा शोध घेतला तरी त्याच्या वाट्याला तोच ढोबळ प्लॅन. मूल्य माहीत असताना प्लॅनर '$१ इज नल' हा तुकडा आधीच सोडवून टाकतो आणि उरलेल्या अटीला इंडेक्स लावतो. मूल्य माहीत नसताना तो तुकडा तसाच राहतो आणि इंडेक्सचा रस्ता बंद होतो.

खात्री करायला त्या एका क्वेरीपुरतं आपोआप प्रिपेअर बंद केलं. मंदपणा गेला. सर्व्हरवर प्लॅन_कॅश_मोड हे सेटिंग फोर्स_कस्टम_प्लॅन केलं तरी हाच परिणाम मिळतो.

पण हे ठिगळ आहे. संध्याकाळी क्वेरीची रचनाच बदलली: जी गाळणी दिली तिचीच अट व्हेअरमध्ये जोडायची, न दिलेलीचा उल्लेखच नाही. कास्ट उडाले, 'इज नल ऑर' उडालं, मंदपणाचं मूळ कारणच उरलं नाही. कालचं कास्टचं काम त्यामुळे वाया गेलं, तरी ते का लागतं हे कळल्याशिवाय आजचा निर्णय घेता आला नसता.

१२ मार्च

आज कोड फारसा लिहिला नाही. एकत्र बसून यादी केली की आपल्या कोडमध्ये नन कुठे कुठे आणि कशासाठी फिरतो. तीन वेगळे अर्थ निघाले.

शोधाच्या पानावर नन म्हणजे 'ही गाळणी लावू नको'. विभाग नसलेल्या उपकरणांच्या यादीत नन म्हणजे 'जिथे विभाग नाही तेच दाखव'. दुरुस्तीच्या फॉर्मवर नन म्हणजे 'हे खानं जसं आहे तसं राहू दे'. आणि याच फॉर्मवर कोणी शेरा मुद्दाम पुसला तर तिथेही नन, म्हणजे 'हे खानं रिकामं कर', हा दुसऱ्या अर्थाचाच लिहिण्याचा भाऊ.

तीन अर्थ आणि पाठवायला एकच मूल्य. गेल्या आठवड्यातला प्रत्येक घोटाळा या यादीवर बोट ठेवून दाखवता येतो. ड्रायव्हरने फक्त झाकण उचललं. डेटाबेसमधल्या नलला एकच अर्थ आहे: इथे मूल्य नाही. 'गाळणी लावू नको' आणि 'राहू दे' या आपल्या सूचना आहेत, डेटा नव्हे. त्या डेटाच्या वाटेने पाठवल्या की क्वेरीला त्यांचा अर्थ लावत बसावं लागतं, आणि इज नल ऑर, कोअलेस (पहिलं नल नसलेलं मूल्य देणारं फंक्शन) वगैरे सगळी गर्दी तिथूनच सुरू होते.

ठरलं ते असं. पायथनमध्ये एक वेगळा क्लास, त्याची एकच वस्तू, नाव न_दिलेलं. फंक्शनच्या ऐच्छिक पॅरामीटरचं डीफॉल्ट आता नन नाही, न_दिलेलं. नन आला तर त्याचा अर्थ डेटाबेसमधला नल, दुसरा कुठलाही नाही. याचा एक मोठा फायदा लगेच दिसला: न_दिलेलं चुकून ड्रायव्हरपर्यंत पोचलं तर ड्रायव्हर 'कॅनॉट ॲडॅप्ट टाइप' म्हणून तिथेच थांबतो. पूर्वी अशा वेळी नन गुपचूप आत जायचा.

१३ मार्च

दुरुस्तीचा फॉर्म. जुनी क्वेरी:

अपडेट दुरुस्ती_नोंदी सेट शेरा = कोअलेस($१, शेरा), परत_तारीख = कोअलेस($२, परत_तारीख) व्हेअर क्रमांक = $३

एका जागी बारकाईने पाहिलं. एका नोंदीवर चुकून परत तारीख पडली होती, उपकरण अजून बाहेरच होतं. वापरणाऱ्याने तारीख पुसली, सेव्ह केलं, 'जतन झालं' असा निरोप आला, पान पुन्हा उघडलं तर तारीख तिथेच. त्याने पुन्हा पुसली, पुन्हा तीच तारीख. कोअलेसने नन पाहिला आणि जुनं मूल्य परत उचललं. एकदा भरलेलं खानं या क्वेरीने कधीच रिकामं होऊ शकत नव्हतं. लोकांनी त्यावर स्वतःच वाट काढलेली सापडली: शेऱ्यात एक स्पेस टाकून ठेवायची, तारखेत खूप पुढचं साल. म्हणजे क्वेरीतल्या एका कोअलेसपायी डेटा खोटा होत गेला. मला या सगळ्या कामात सर्वांत वाईट वाटलं ते हे पाहून.

आता सेटमध्ये फक्त दिलेली खानी जातात. नन दिला तर खानं खरंच नल होतं. न_दिलेलं असेल तर खान्याचा उल्लेखच नाही. एकही खानं दिलेलं नसेल तर क्वेरी पाठवायचीच नाही, नाहीतर सेटच्या पुढे काहीच न राहून सिंटॅक्स एरर येतो.

ब्राउझरकडून येणाऱ्या जेसनमध्ये हा फरक आधीपासून होता: कळ (खान्याचं नाव) नाही म्हणजे न_दिलेलं, कळ आहे आणि मूल्य नल म्हणजे पुसा. २०१४ च्या आरएफसी ७३९६ मध्ये, जेसन मर्ज पॅचच्या नियमांत, हेच धरलं आहे. आमचा कोड कळ नसली की डिक्शनरीच्या गेट मधून नन घ्यायचा आणि तिथेच फरक पुसला जायचा. त्या ठिकाणी दुरुस्ती एका ओळीची होती.

१४ मार्च

इन्सर्टमध्येही त्याच जातीचं एक सापडलं. नोंद_वेळ या कॉलमला डीफॉल्ट नाऊ() आहे. कोड मात्र कॉलमचं नाव लिहून नन पाठवत होता, या समजुतीने की मूल्य नाही तर डीफॉल्ट लागेल. लागत नाही. डीफॉल्ट लागतं ते कॉलमचा उल्लेख नसेल तेव्हा. नल स्पष्टपणे पाठवला की नलच बसतो. डीफॉल्ट हा शब्द पॅरामीटर म्हणून पाठवता येत नाही, तो मजकुराचा भाग आहे. न_दिलेलं आल्यामुळे हेही सुटलं: न दिलेला कॉलम यादीत जातच नाही.

जुन्या ओळींतल्या नल नोंद_वेळा आहेत तशा ठेवल्या. खरी वेळ कोणालाच माहीत नाही, तिथे अंदाजाने काही भरणं चूक ठरेल.

१७ मार्च

याद्या. पूर्वी 'इन' पुढे टपल द्यायचो, नव्या ड्रायव्हरवर ते चालत नाही. त्याऐवजी लिस्ट द्यायची आणि '= एनी($१)' लिहायचं. रिकामी लिस्ट दिली तर शून्य ओळी येतात. पूर्वी इन च्या कंसात काहीच नसेल तर सिंटॅक्स एरर यायचा, त्यामुळे हा बदल सुखाचा आहे.

उलट अट मात्र जपून. 'ही उपकरणं सोडून बाकीची' यासाठी '<> ऑल($१)' लिहिलं, आणि लिस्टमध्ये एक नन शिरला होता. निकाल शून्य ओळी. प्रत्येक ओळीची तुलना त्या नलशीही होते, तिचं उत्तर 'माहीत नाही', मग 'सगळ्यांपेक्षा वेगळं' हे कधीच 'हो' होऊ शकत नाही. 'नॉट इन' आणि सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) असेल तिथेही हेच: सबक्वेरीने एक नल दिला की बाहेरचं सगळं रिकामं. सबक्वेरीच्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स' लिहिलं, लिस्टमधले नन पायथनमध्येच वेगळे काढले. नन खरंच अर्थपूर्ण असेल तर 'इज नल' किंवा 'इज नॉट नल' ही अट स्वतंत्र जोडतो.

आणि याच्या पोटात आणखी एक: विभाग_क्र <> ऑल($१) यात लिस्ट स्वच्छ असली तरी ज्या उपकरणांना विभागच नाही ती गळतात. ती यादीत हवी की नको, हे कोडने ठरवायचं नसतं. पान वापरणाऱ्यांना विचारलं, त्यांना हवी होती.

१९ मार्च

आयातीचं काम. दर वेळी एक सीएसव्ही येते, 'इन्सर्ट … ऑन कॉन्फ्लिक्ट (विभाग_क्र, चिठ्ठी_क्र) डू अपडेट' चालतं: ओळ आधीच असेल तर नवी न घालता तीच बदलायची. विभाग असलेली उपकरणं नीट अद्ययावत होतात, विभाग नसलेली दर आयातीला नव्याने जमा होतात. युनिक (दुबार ओळ रोखणारा) इंडेक्स असूनही.

युनिकच्या हिशोबात दोन नल एकमेकांसारखे धरले जात नाहीत, म्हणून टक्कर होत नाही, म्हणून ऑन कॉन्फ्लिक्ट जागाच होत नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट तिन्हीकडे असंच. एसक्यूएल सर्व्हर मात्र युनिकमध्ये दोन नल सारखे धरतो. पोस्टग्रेस १५ पासून इंडेक्स बनवताना 'नल्स नॉट डिस्टिंक्ट' लिहिता येतं, मग नलही टक्कर देतात. आधी जमलेल्या दुबार ओळी काढाव्या लागल्या, नाहीतर इंडेक्स बनतच नाही. दुबार शोधतानाही जोडणी 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम'ने करावी लागली. '='ने केली तर नेमक्या त्याच ओळी सापडत नाहीत. कोणती ओळ ठेवायची हे हाताने पाहण्यात बाकीचा दिवस गेला, कारण काही दुबार ओळींना वेगवेगळ्या दुरुस्ती नोंदी जोडलेल्या होत्या.

सीएसव्हीतल्या रिकाम्या खान्याचा प्रश्नही इथेच सोडवला. अनुक्रमांक नसलेल्या काही ओळींत नल होता, काहींत रिकामी स्ट्रिंग. पोस्टग्रेसमध्ये हे दोन वेगळे आहेत (ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नलच मानतो, तिकडून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो). आत येतानाच नलइफ(ट्रिम($१), '') (कडेच्या स्पेस काढून काही उरलं नाही तर नल) लावलं आणि जुना डेटाही तसाच करून घेतला. स्पेस टाकून ठेवलेले शेरेही त्यात साफ झाले.

जाता जाता चेकही (टेबलावर घातलेल्या अटी) तपासले. 'चेक (किंमत > ०)' नल किंमत आत सोडतो. व्हेअर 'माहीत नाही'ला बाहेर ठेवतो, चेक त्याला आत घेतो. किंमत असलीच पाहिजे तिथे नॉट नल वेगळं लावलं.

२१ मार्च

अहवाल बनवणारा एक जुना जावा प्रोग्राम याच डेटाबेसवर आहे. त्यात दोन गोष्टी निघाल्या, दोन्ही तिथे काम करणाऱ्यांना ओळखीच्या असतील. वाचताना: गेटइंट नलच्या जागी ० देतो, वॉजनल विचारल्याशिवाय फरक कळत नाही. अहवालात 'विभाग ०' म्हणून एक गट कित्येक महिने छापला जात होता. लिहिताना: सेटइंटला इंटिजर प्रकारातला नल दिला की तो उघडतानाच नलपॉइंटर एक्सेप्शन येतं, तिथे सेटनल वापरून प्रकारही सांगावा लागतो.

डॉटनेटवाल्या एका सहकाऱ्याने त्याच्याकडचं सांगितलं: एसक्यूएलपॅरामीटरला साधा नल दिला तर 'पॅरामीटर दिलाच नाही' असा एरर येतो, डीबीनल डॉट व्हॅल्यू द्यावं लागतं. तिथे न_दिलेलं आणि नल हा फरक ड्रायव्हरच करतो, हे मला आवडलं.

२४ मार्च

नवा ड्रायव्हर चालू वापरात गेला. प्रिपेअरची स्क्रिप्ट आता प्रत्येक बदलाबरोबर आपोआप चालते. टेस्टचा नियम असा केला: जो पॅरामीटर नल असू शकतो त्याच्या तीन टेस्ट, मूल्य देऊन, नन देऊन, आणि न देता. टेस्टच्या डेटात प्रत्येक नल चालणाऱ्या कॉलमची निदान एक ओळ नल असलेली हवी, नाहीतर '='वाली चूक टेस्टमध्ये दिसतच नाही.

राहिलेलं: छोट्या टेबलांवरच्या 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' तशाच ठेवल्या आहेत, टेबलं वाढली तर पुन्हा एक्स्प्लेन करायचं. खूप पुढचं साल टाकलेल्या परत तारखा अजून डेटात आहेत. त्यांची यादी विभागांकडे पाठवली आहे, उत्तरं येतील तशा एकेक नल करत जाऊ.